घरच्या नववीची रोजकीर्द

(संस्थेच्या घोटी येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा ‘घरचे शिक्षण’ असा दोनच शब्दांचा विषय दिला. दोन शब्दांच्या विषयावर दोन तास बोलण्याची आपल्याकडे परंपरा आहे. तथापि याच सभागृहात पुढे पंगती मांडावयाच्या आहेत हे ध्यानी घेऊन आम्ही तो नववीच्या एका वर्षापुरता आवरता घेतला आहे. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. बोलणारा एक असला तरी काम दोघांचे आहे, आणि त्यातील मोठा वाटा व्यासपीठावर नसून समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे.

प्रथम कारण सांगितले पाहिजे. आठवीच्या अखेरीस आमच्या मुलीस सांधेज्वर झाला. हृदयास जपावयाचे म्हणून डॉक्टरांनी वर्षभर दगदग टाळण्यास सांगितले आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई ठरवून दिली. शाळा सुटली ती अशी. घरी शिकविण्याची हौस आम्हांस नव्हती, आणि शाळेविषयी आमची तक्रारही नव्हती.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण वेगळेच आहे. गेल्या वर्षभरात आपल्यातील सात-आठ कुटुंबे आमच्याकडे चौकशीस येऊन गेली. सर्वांची चौकशी मुलींविषयी होती. मुलाविषयी एकही नव्हती. एका गृहस्थांनी तर सरळच विचारले, “घरी बसवून परीक्षेला बसविता येते ना?” येते. परंतु या प्रश्नातील पहिले बसविणे आणि दुसरे बसविणे यांत जे अंतर आहे, त्याविषयीच आज बोलावयाचे आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांसाठी आहे. कायद्याचा हात जेथे सुटतो, नेमकी तेथे नववी सुरू होते. पुढे मुलीचे शिक्षण चालू राहावे की नाही, हे त्यानंतर बहुतांशी घरच्यांच्या नियतीवर अवलंबून राहते.

घरी शिकून मोठ्या झालेल्या स्त्रिया आपल्या प्रांताला नव्या नाहीत. रमाबाई रानडे १८७३ साली विवाह होऊन सासरी आल्या आणि न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकविण्यास आरंभ केला. शिक्षक विद्वान, विद्यार्थिनी तल्लख. तरीही पुण्याच्या घरातील वडील बायकांच्या रोषामुळे तो अभ्यास किती कष्टाने चालला, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. १८७८ साली रानड्यांची बदली आपल्या नाशिकला झाली. आम्ही त्या आठवणी वाचल्या त्या केवळ भक्तिभावाने. त्यांतील बोध मात्र पुढे आमच्या स्वतःच्या घरात, फार उशिरा उमगला. तो प्रसंग यथाक्रम येईल.

आखणी करावयाची ती शेवटाकडून. दहावीची परीक्षा कोणत्या वाटेने द्यावयाची हे ठरल्यावाचून नववीचे पुस्तक उघडू नये. एक वाट सर्वांस ठाऊक असलेल्या सतरा नंबरच्या अर्जाची. तीत राज्य मंडळाची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, जिची स्थापना १९८९ साली झाली. तेथे चौदा वर्षे पूर्ण झालेल्यास दहावीसाठी नाव नोंदविता येते. पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत निदान एक आणि फार तर दोन भाषा. वर्षातून दोनदा परीक्षा होते, नोंदणी पाच वर्षे चालते आणि एकूण नऊ संधी मिळतात. मुलीच्या प्रकृतीचा भरवसा नसल्याने आम्ही ही दुसरी वाट धरली. दोन विषय एका खेपेस, तीन दुसऱ्या खेपेस असे करता येते. मराठी माध्यमही आहे. परंतु या संस्थेची दहावी असते, नववी नसते. म्हणून नववीच्या वर्षासाठी बालभारतीची पुस्तके घेतली, आणि हाच या आखणीचा कणा ठरला.

येथे दोन सूचना कराव्याशा वाटतात. मुक्त विद्यालयात गणित टाळून दहावी होता येते म्हणून अनेकजण ते टाळतात. मुलगा असता तर आपण टाळले असते का, एवढे मनाशी विचारावे. आणि शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीसह जपून ठेवावा. सतरा नंबरच्या अर्जाला तो लागतोच. मुंबईच्या एका मुलीला दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राविना अमेरिकेच्या एम. आय. टी. विद्यापीठात प्रवेश मिळाल्याची वार्ता २०१६ साली गाजली होती आणि ती आजही आम्हांस ऐकविली जाते. तिच्यापाशी संगणकविषयक आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडची तीन पदके होती. ज्यांच्यापाशी ती नाहीत त्यांनी कागद सांभाळावे.

आता वेळापत्रक. जून महिन्यात आम्ही मोठ्या थाटाने आठ तासिकांचा तक्ता भिंतीवर लावला. शाळेची हुबेहूब नक्कल. मधली सुट्टीसुद्धा होती! पंधरा दिवसांत मुलगी थकली आणि आम्हीही थकलो. चाळीस मुलांना आठ तासिका लागतात. एका मुलीस समोरासमोर चार तास पुष्कळ होतात. सकाळी आठ ते दहा, दुपारी तीन ते पाच. सुईच्या दुसऱ्या दिवशी केवळ वाचन. वर्षाची वाटणीही आम्ही आपल्या गावाकडे पाहून केली. पावसाळ्यात गिरणी थंड असते, म्हणून गणित, इंग्रजी, विज्ञान यांचा भार जून ते ऑक्टोबर. भात येऊ लागले की घर हलते, म्हणून इतिहास, भूगोल आणि वाचन हंगामासाठी राखले.

याशिवाय वडिलांच्या सांगण्यावरून एक वही घातली. व्यापाऱ्याचे घर, वडील म्हणाले, “रोजकीर्द नसेल तर धंदा बुडाला हे बुडाल्यावरच कळते.” त्याप्रमाणे रोज संध्याकाळी मुलीने लिहावयाचे : काय शिकलो, किती वेळ, आणि खाडा पडला असल्यास कशामुळे. महिनाअखेर त्याची विषयवार खतावणी. आम्हांस वाटले, ही वही मुलीची परीक्षा घेईल.

मार्गशीर्षाची खतावणी केली तेव्हा सव्वीस दिवसांपैकी अकरा दिवस कोरे निघाले. आजारपण धरूनच चाललो होतो; पण आजारपणाचे दिवस तीन. उरलेल्या आठांपुढे मुलीच्या अक्षरात असे होते : पाहुणे. गिरणीच्या पावत्या लिहिल्या. पाहुणे. आत्याबरोबर दवाखान्यात. पावत्या. धाकट्याला सांभाळले. पाहुणे. पावत्या. कोणी तिला अभ्यासावरून उठ म्हटले नव्हते. प्रत्येकाने इतकेच म्हटले होते की, ती घरीच आहे. पावत्या लिहावयास बसविणारे आम्ही स्वतः होतो. रमाबाईंच्या घरात निदान विरोध उघड होता. आमच्या घरात विरोध नव्हता, आणि तास मात्र तितकेच बुडाले होते.

यावर तोडगा काढला तो आमच्या मातोश्रींनी. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी तीन ते पाच मुलगी माडीवर जाई, आणि कोणी तिची चौकशी केली तर मातोश्री ओसरीवरून सांगत, “ती शाळेत गेली आहे.” प्रथम लोक हसले. मग त्यांस सवय झाली, आणि गिरणीत पावत्यांसाठी आम्ही माणूस ठेवला. अभ्यासक्रम आखताना पहिली ओळ विषयाची लिहू नये. घरातील कोणती कामे मुलीकडून जाणार आणि ती कोणाकडे जाणार, ही लिहावी. ती लिहिता येत नसेल तर मुलीस शाळेतच पाठवावे, मग पावसापाण्याचा कितीही त्रास होवो.

विषयांविषयी थोडक्यात. नववीच्या भूगोलात वृष्टीचा पाठ होता. आपल्या तालुक्याला तो पुस्तकातून शिकवावा लागू नये. मुलीने सरळ काठाचा डबा गच्चीवर ठेवून रोज सकाळी पट्टीने पाणी मोजले. पन्नासएक किलोमीटरवर सिन्नरला मामांनी तसाच डबा ठेवला. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि सिन्नरला त्याचा पाव हिस्साही पडत नाही. डोंगराने अडविलेला पाऊस आणि डोंगरापलीकडची पर्जन्यछाया हे दोन्ही शब्द तिला दोन डब्यांतून समजले. गुणोत्तर-प्रमाण गिरणीने शिकविले : क्विंटलभर भाताचे साधारण पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ, बाकी कणी, कोंडा आणि तूस, प्रत्येकाचा भाव निराळा. (हे गणित सोडविताना आमच्या एका जुन्या हिशेबातील चूक तिने दाखविली, ती येथे सांगण्याचे कारण नाही.)

विज्ञानात कार्य आणि ऊर्जा हा पाठ होता. १८६५ साली सुरू झालेला आपला थळ घाटातील लोहमार्ग दर सदतीस मीटरला एक मीटर चढतो, आणि कसाऱ्याला गाड्यांच्या मागे जादा इंजिने लावतात. कसारा ते इगतपुरी चढ सुमारे तीनशे मीटर. चाळीस किलोच्या मुलीस तेवढे उचलावयास किती कार्य लागेल? १,१७,६०० ज्यूल. संख्या ऐकून घर थक्क झाले. मग तिनेच उष्मांकांत रूपांतर करून सांगितले की, एवढी ऊर्जा चतकोर पोळीत असते. तेव्हापासून आमच्याकडे घाट पोळ्यांत मोजतात.

इतिहास होता स्वातंत्र्योत्तर भारताचा. १९७२ च्या दुष्काळावर तिने आजीची आणि गिरणीतील दोन वृद्ध हमालांची हकिकत लिहून घेतली, मग १९७७ चा रोजगार हमीचा कायदा वाचला. मराठी वाचनासाठी महिन्यातून एकदा नाशिकला सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत कपाटांमधून हिंडणे हेही शिक्षणच.

जे जमले नाही तेही सांगितले पाहिजे. इंग्रजी वाचता येऊ लागले. बोलण्याची भीती गेली नाही, कारण आम्हांलाच ती आहे. रसायनाचे प्रयोग स्वयंपाकघरात हळद, लिंबू आणि सोडा यांपलीकडे गेले नाहीत. सूक्ष्मदर्शक आमच्यापाशी नाही. आणि पौषात एके दिवशी रोजकीर्दीत इतकेच आढळले : “आज कोणाशी भांडायलाही मिळाले नाही.” त्यानंतर दर शनिवारी शाळेतल्या दोन मैत्रिणी भूमितीसाठी येऊ लागल्या. बाजारातील खांबाच्या सावलीवरून समरूप त्रिकोणांनी त्याची उंची त्या तिघींनी काढली, आणि कडाक्याचे भांडणही केले.

म्हणून संस्थेस एक विनंती आहे. हे सभागृह वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद असते. दुपारी तीन ते पाच ते उघडावे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत. आठवड्यातून एक दुपार प्रत्येकी मागत आहोत. एक सूक्ष्मदर्शक आणि थोडे प्रयोगसाहित्य यांचा खर्च आजच्या पंगतीहून अधिक होणार नाही, आणि त्यातील पहिली वर्गणी आम्ही चिटणिसांकडे दिली आहे. येथे येणाऱ्या मुलीस तिची जात विचारू नये, अशीही विनंती आहे. आमच्या मुलीच्या शनिवारच्या दोन्ही मैत्रिणी आपल्या ज्ञातीच्या नाहीत.

दोन विषयांचे अर्ज भरले आहेत. प्रकृती बरी आहे, सुई चालू आहे. रोजकीर्दीची वही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. मुलीची परवानगी घेतली आहे. ज्यांस आखणी उतरवून घ्यावयाची असेल त्यांनी खुशाल घ्यावी, मात्र मार्गशीर्षाची पाने चाळल्यावाचून वही मिटू नये.