स्वस्त यंत्राचा धनी कोण?



वैशाखातल्या सोलापुरात संध्याकाळी माणसाने गच्चीवर पाणी मारून वाऱ्याची वाट पाहावी, हा आपल्या गावचा धर्म. तो सोडून आपण येथे येऊन बसलात, ह्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. ह्या मांडवात मोठमोठे विषय होऊन गेले. आमच्या वाट्याला आलेला विषय अगदी पाटीएवढा आहे. पाच-सात हजार रुपयांना मिळणारा स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट पारखावा कसा, आणि त्याच्या पोटातली आज्ञावली बदलून तो सुधारता येतो की काय, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

येथे 'आम्ही' म्हणजे तिघे जण: प्रस्तुत वक्ता, जो निवृत्त शिक्षक आहे; रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत केस पांढरे झालेला आमचा एक मित्र; आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला त्याचा पुतण्या. पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेत आमचे जाणेयेणे असते. तेथे येणारी बहुतेक मुले विडीकामगारांच्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या घरची. 2020 साली शाळा बंद पडल्या, तेव्हा कोणा दात्याने ह्या अभ्यासिकेला 11 टॅब्लेट दिले. पहिले वर्ष बरे गेले. मग ते हळूहळू मंदावले, अडकू लागले, आणि शेवटी एकेक करून कपाटात गेले. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ते भंगारात द्यायचे ठरले. किलोवर काय भाव येईल ह्याची चौकशीसुद्धा झाली होती. आमचा मित्र म्हणाला, "आधी उघडून तर पाहू."

येथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, आणि ती सोलापूरकरांना समजावणे फार सोपे आहे. आपली चादर कशी विणली जाते? मागावर जेकार्ड बसवलेले असते, आणि त्यावरून भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जेथे भोक असेल तेथे उभा धागा उचलला जातो, जेथे नसेल तेथे तो खालीच राहतो. आणि त्यातून मोर, फूल, वेलबुट्टी उमटते. माग तोच, माणूस तोच; पुठ्ठे बदलले की नक्षी बदलली. आता काही ठिकाणी पुठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे, पण तत्त्व तेच. टॅब्लेटचा पडदा, बॅटरी, आतली चिप हा झाला माग. आणि तिच्या पोटात कायमची बसवलेली आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती झाली पुठ्ठ्यांची माळ. आता कल्पना करा, की माग विकणाऱ्याने पुठ्ठ्यांच्या पेटीला कुलूप लावून किल्ली आपल्याजवळ ठेवली, आणि दोन वर्षांनी सांगितले, "नवी नक्षी आता मिळायची नाही, नवा माग घ्या." आमच्या गावचा कोणता विणकर हे ऐकून घेईल? पण टॅब्लेटच्या बाबतीत आपण सगळे हे निमूटपणे ऐकून घेत आहोत.

स्वस्त टॅब्लेटची गोष्ट निघाली, म्हणजे 'आकाश'ची आठवण होणे साहजिक आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत सरकारने हा टॅब्लेट प्रसिद्ध केला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता, आणि गावोगावच्या विद्यार्थ्यांच्या हाती तो जाईल असे सांगितले गेले. कल्पना उदात्त होती. पण चिप 366 मेगाहर्ट्झची, स्मृती 256 मेगाबाईटची, आणि पडदा असा की बोट टेकवून भागत नसे, नखाने दाबावे लागे. शिवाय अँड्रॉइडच्या त्या काळच्या मूळ आवृत्तीत देवनागरीची धड सोय नव्हती; जोडाक्षरे मोडून दिसत, नाही तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत. गरिबाच्या मुलासाठी केलेल्या यंत्राला त्या मुलाची लिपी वाचता येऊ नये, ह्याहून मोठा दोष कोणता?

पुढे 2012 साली ही जबाबदारी आपल्या मुंबईच्या, पवईच्या आय.आय.टी.कडे आली. तेथे प्राध्यापक दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अंगावर घेतली. 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी ह्यांच्या हस्ते 'आकाश-2' बाहेर आला. चिप 1 गिगाहर्ट्झची, स्मृती दुप्पट, आणि पडदा बोटाच्या स्पर्शाला ओळखणारा. पण आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम निराळेच होते. पवईच्या मंडळींनी त्या लहानशा यंत्रावर सी, पायथन, सायलॅब अशा आज्ञाभाषा चालवून दाखवल्या. मेमरी कार्डावरून पूर्ण लिनक्सही सुरू करून दाखवले. म्हणजे जे यंत्र केवळ पाहण्याचे होते, ते करण्याचे झाले. पुढे 'आकाश' योजना बंद पडली. मात्र तिने दोन धडे घालून दिले. पहिला, यंत्राच्या अंगात जे नाही ते कोणतीही आज्ञावली निर्माण करू शकत नाही. दुसरा, यंत्राच्या अंगात जे आहे, ते बाहेर काढण्याचे काम आज्ञावलीच करते.

हे दोन धडे जवळ ठेवून आम्ही त्या 11 टॅब्लेटांची परीक्षा मांडली. ती घरोघरी करता येण्याजोगी आहे, म्हणून थोडी तपशिलाने सांगतो.

पहिली परीक्षा बॅटरीची. पाठ फुगलेली असेल तर पुढे काहीच करू नये. तो जिन्नस मुलांपासून दूर ठेवावा, चार्जिंगला लावू नये, आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. आमच्याकडे असे 3 निघाले. सोलापूरचा उन्हाळा आणि पत्र्याखालचे कपाट, ह्यांना बॅटरी किती दिवस तोंड देणार! दुसरी परीक्षा केबलची. चांगला चार्जर आणि नवी केबल लावताच, 'मेले' म्हणून ठेवलेले 2 टॅब्लेट तासाभरात उठून बसले. तिसरी परीक्षा पडद्याची: चित्र काढण्याचे ॲप उघडून बोटाने आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात. रेघ जेथे तुटते तेथे पडदा बहिरा आहे. चौथी साठवणीची. खोक्यावर जे छापले आहे ते आत असतेच असे नाही. तेव्हा खरोखरच्या फाइली भरून पाहाव्यात, आणि त्या पुन्हा उघडतात की नाही हेही पाहावे.

पाचवी परीक्षा सर्वांत महत्त्वाची, आणि ती कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते. ज्या कामासाठी यंत्र घेतले, ते काम त्याला येते का? आमच्या मुलांचे काम म्हणजे बालभारतीची पुस्तके वाचणे. ती ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपमधून उघडतात. ह्या क्यूआर कोडच्या कामी आपल्याच जिल्ह्याने मोठा वाटा उचलला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले, आणि 2020 सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. कोड छापून झाला. पण तो उघडणारे यंत्र मुलाच्या हातात चालते हवे ना? आमच्या टॅब्लेटांवर दहावीच्या विज्ञानाचे एक पान उलटायला इतका वेळ लागे, की तेवढ्यात मुलीच्या वहीत दोन ओळी लिहून होत.

आता उपचार. लोकांची समजूत अशी, की 'कस्टम रॉम' टाकला की सगळे रोग बरे. तसे नाही. वैद्य आधी पथ्य सांगतो, शस्त्रक्रिया मागाहून. आम्ही पहिल्यांदा साठवण रिकामी केली. काठोकाठ भरलेली साठवण हे मंदपणाचे मोठे कारण असते. मग टॅब्लेट संगणकाला जोडून, कारखान्यातूनच भरून आलेली आणि नेहमीच्या वाटेने न निघणारी बिनकामाची ॲपे बंद केली. ह्यात कुलूप तोडावे लागत नाही, आणि चुकले तर मागे फिरता येते. उरलेल्या 8 पैकी 5 टॅब्लेट एवढ्यावरच कामाला लागले. रॉमच्या नादी लागणाऱ्या तरुण मंडळींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

राहिलेल्या तिघांची मूळ आज्ञावलीच फार जुनी होती, आणि सुरक्षेची दुरुस्ती 2020 नंतर आलेलीच नव्हती. तेथे शस्त्रक्रिया करायचे ठरले. ती शक्य होते, कारण अँड्रॉइडचा पाया लिनक्स आहे. लिनस टॉरवाल्ड्सने 1991 साली सुरू केलेल्या त्या कामाचा परवानाच असा, की जो कोणी ते वाटील त्याने मूळ आज्ञालेखही खुला ठेवला पाहिजे. त्या खुल्या पायावर 2009 पासून 'सायनोजेनमॉड' नावाची आज्ञावली जगभरच्या हौशी कारागिरांनी चालवली. 2016 च्या अखेरीस ती थांबली, आणि तिच्याच पोटी 'लिनेजओएस' जन्माला आली. 2017 साली अँड्रॉइड 8 पासून यंत्राचा खास भाग आणि सर्वसामान्य भाग वेगळे केले गेले. त्यामुळे एकच सर्वसाधारण आज्ञावली अनेक यंत्रांवर बसू लागली, आणि आमच्यासारख्या बिननावाच्या टॅब्लेटांनाही दार उघडले.

यंत्र सुरू होताना जो पहारेकरी आधी जागा होतो, त्याला बूटलोडर म्हणतात. त्याचे कुलूप उघडल्याखेरीज नवी आज्ञावली आत जात नाही. आणि येथेच आमच्या हातून चूक झाली.

दहावीची एक मुलगी त्यांपैकी एक टॅब्लेट रखडत का होईना, पण रोज वापरीत असे. तिची आई विड्या वळते. घरी फोन एकच, तोही भावाजवळ. वह्या भिजतात, धाकटी भावंडे फाडतात, म्हणून तिने वर्षभरातल्या टिपणांचे फोटो त्या टॅब्लेटवर काढून ठेवले होते. कुलूप उघडताच आतला सगळा मजकूर पुसला जातो, हा नियमच आहे. आम्हांला तो ठाऊकही होता. पण यंत्र सुधारण्याच्या भरात आम्ही तिला विचारलेच नाही. नवी आज्ञावली झकास बसली. आम्ही मोठ्या कौतुकाने टॅब्लेट तिच्या हाती दिला. तिने इकडेतिकडे पाहिले आणि हळूच विचारले, "सर, माझ्या वह्या कुठं गेल्या?"

आम्हां तिघांनाही उत्तर सुचले नाही. पुढले तीन आठवडे आम्ही तिच्या मैत्रिणींकडून वह्या गोळा करून फोटो काढीत होतो. बरेच मिळाले, सगळे नाही.

दुसरा टॅब्लेट आमच्या हातून कायमचा गेला. खोक्यावर नाव तेच, पण आतली पाटी वेगळी होती. एकाच नावाखाली दोन निराळी यंत्रे विकली जातात, हे आम्ही शिकलो ते असे. आता त्याचा पडदा एका बहिऱ्या टॅब्लेटला बसवला आहे. तिसरा मात्र सुखरूप पार पडला. तेव्हा ज्यांना हे करावयाचे आहे त्यांनी आधी मालकाला विचारावे, सर्व मजकुराची नक्कल घ्यावी, कारखान्याची मूळ आज्ञावली मिळवून ठेवावी, आतला मॉडेल क्रमांक ताडून पाहावा, आणि बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. वॉरंटी जाते, बँकेची ॲपे पुष्कळदा चालेनाशी होतात, कॅमेऱ्याची प्रत उतरू शकते, आणि चिपच्या निर्मात्याने बंद ठेवलेला भाग जुना तो जुनाच राहतो. अनोळखी ठिकाणची आज्ञावली तर कधीही घेऊ नये. 2023 साली काही स्वस्त टीव्ही-पेट्यांत आणि एका टॅब्लेटमध्ये ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच शिरलेला चोर संशोधकांना सापडला होता. तो आपण आपल्या हाताने घरात घेऊ नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नवे घ्यावे. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण यंत्र स्वस्त असणे आणि ते लवकर टाकून द्यावे लागणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पाच हजारांचा टॅब्लेट दोन वर्षांत टाकला, तर तो दहा हजारांच्या पाच वर्षे टिकणाऱ्या टॅब्लेटहून महाग पडला. गरिबाला हा हिशेब नेहमी उशिरा कळतो, कारण विकणारा तो सांगत नाही. युरोपात 20 जून 2025 पासून असा नियम आला आहे, की टॅब्लेटची विक्री थांबल्यावरही निर्मात्याने किमान पाच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा पुरवल्या पाहिजेत. आपल्या सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी 'दुरुस्तीच्या हक्का'चे संकेतस्थळ उघडले. तेही स्वागतार्ह, पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. तो होईल तेव्हा होईल. तोवर दुकानात उभे राहून आपण एवढे तरी विचारू शकतो: सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? बॅटरी बदलून मिळेल का? कुलूप उघडता येते का? दुकानदाराला उत्तर येणार नाही. पण शंभर गिऱ्हाइकांनी विचारले, तर तो वर विचारील.

आपल्या गावात माग बिघडला की जॉबर येतो, पान्याने दोन चाकऱ्या आवळतो, आणि माग पुन्हा धडधडू लागतो. मागाचा धनी तो, ज्याला तो उघडता येतो, किंवा ज्याच्या हाकेला उघडणारा येतो. आता अभ्यासिकेत दर रविवारी सकाळी आम्ही एक टेबल मांडतो. 7 टॅब्लेट चालू आहेत, आणि बाहेरचेही लोक आपापले घेऊन येऊ लागले आहेत. टेबलाशी एक वही ठेवलेली असते. यंत्र हाती घेण्यापूर्वी 'आत तुमचे काय आहे?' हा प्रश्न विचारून उत्तर तीत लिहून घ्यायचे, असा नियम आहे. ती वही सांभाळण्याचे काम त्या मुलीने आपण होऊन मागून घेतले. ती ह्या मार्चमध्ये दहावीला बसली; निकाल अजून लागायचा आहे. आपण सर्वांनी तिला मनातून आशीर्वाद द्यावा, एवढी विनंती.