दोन जागा आणि तीन जोड्या

पंक्तीस दोनच पानें मांडलेलीं असावींत आणि मानाचे पाहुणे तीन यावेत, अशा वेळीं यजमानाची जी अवस्था होते, तीच अवस्था २०२२ सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं एका निवड समितीची झाली होती. बीजिंगचें हिवाळी ऑलिंपिक महिन्याभरावर आलें होतें. बर्फावरील जोडी-स्केटिंगसाठीं अमेरिकेच्या वाट्यास दोन जागा होत्या आणि त्यांवर हक्क सांगणाऱ्या जोड्या तीन होत्या. एकीनें राष्ट्रीय स्पर्धा नुकतीच जिंकली होती, दुसरी त्याच स्पर्धेंत दुसरी आली होती, आणि तिसरीस त्या स्पर्धेंत उतरतांच आलें नव्हतें. समितीनें पहिली आणि तिसरी निवडली. दुसरीस राखीव ठेविलें. हा न्याय झाला कीं अन्याय, याचा शांतपणें विचार करणें उचित होईल.

शिमला येथें १९२० सालीं बर्फाचें उघडें मैदान सुरू झालें. तथापि महाराष्ट्रांतील बहुतेक श्रोत्यांनीं हा खेळ चित्रपटांत किंवा दूरचित्रवाणीवरच पाहिला असेल. पायांत सुमारें चार मिलिमीटर रुंदीचें पोलादी पातें असलेले बूट घालून दोघे जण संगीताच्या तालावर बर्फावरून वेगानें सरकतात. एक जण दुसऱ्यास हातांनीं डोक्यावर उचलतो आणि तसाच सरकत राहतो. कधीं हवेंत भिरकावतो, आणि भिरकावलेलीनें गिरक्या घेऊन एका पायावर उतरावयाचें असतें. ॲश्ली केन-ग्रिबल ही खेळाडू २०१८ सालच्या डिसेंबरांत झाग्रेब येथें अशाच उचलींतून खालीं पडली आणि तिच्या मेंदूस इजा झाली. पुढच्याच महिन्यांत टिमथी लेडक या जोडीदारासह तिनें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. अडीच-पावणेतीन मिनिटांचा एक लहान कार्यक्रम आणि चार मिनिटांचा एक मोठा, या दोहोंच्या गुणांची बेरीज म्हणजे स्पर्धेचा निकाल. वर्षानुवर्षांचे श्रम या सात मिनिटांच्या तराजूंत तोलले जातात.

क्रिकेटचा संघ निवडतांना एक गोलंदाज येथून आणि एक फलंदाज तेथून घेतां येतो. जोडी-स्केटिंगमध्यें तसें चालत नाहीं. येथें जोडी हाच एक खेळाडू. एकास ताप आला तर दुसऱ्याची तब्येत ठणठणीत असूनही उपयोग नसतो. एकाचा दोष तो दोघांचा, आणि एकाचें दुर्दैव तेंही दोघांचें. निवडीचा पेंच या खेळांत अधिक बोचतो, याचें कारण हेंच होय.

आतां या जागा येतात कोठून? ऑलिंपिकच्या बऱ्याचशा जागा आदल्या वर्षीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवरून ठरतात. एखाद्या देशाच्या दोन जोड्या तेथें उतरल्या, तर त्यांच्या क्रमांकांची बेरीज करतात. ती तेरा किंवा त्याहून कमी भरल्यास तीन जागा, अठ्ठावीसपर्यंत भरल्यास दोन, असा हिशेब आहे. २०२१ सालीं स्टॉकहोम येथें अलेक्सा नीरिम व ब्रँडन फ्रेझियर ही अमेरिकन जोडी सातवी आली, आणि केन-ग्रिबल व लेडक यांची जोडी नववी. सात आणि नऊ मिळून सोळा. म्हणून अमेरिकेस दोन जागा. मात्र जागा मिळते ती देशास, मिळवून देणाऱ्या जोडीस नव्हे. शेत ज्यानें नांगरलें त्यालाच पीक मिळेल, असा नियम येथें नाहीं.

मग पीक कोणाच्या पदरांत घालावयाचें? यास दोन रीती आहेत. अमेरिकेंत धांवण्याच्या शर्यतींसाठीं निवड-स्पर्धा घेतात. ठरलेली पात्रता गांठलेले पहिले तिघे ऑलिंपिकला जातात आणि वाद तेथेंच मिटतो. कालपर्यंत कोण कितीही मोठा असो, त्या दिवशीं चौथा आला कीं तो घरीं राहिला. ही रीत स्वच्छ आहे. तींत वशिल्यास वाव नाहीं आणि खेळाडूचें भवितव्य त्याच्या स्वतःच्या पायांत राहतें.

स्केटिंगच्या राष्ट्रीय संस्थेनें दुसरी रीत पत्करली आहे. राष्ट्रीय स्पर्धा ही महत्त्वाची कसोटी खरी, परंतु एकमेव नव्हे. तिच्याबरोबर जागतिक स्पर्धेंतील क्रमांक, मोसमांतील आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकाल, अशा अनेक गोष्टी समितीपुढें असतात. या रीतीचे समर्थक म्हणतात कीं, बर्फ निसरडा असतो. एका संध्याकाळीं पाय घसरला म्हणून दोन वर्षांची करामत खोटी ठरत नाहीं. विरोधक म्हणतात कीं, समिती आली कीं मोठ्या नांवांचा दबाव आलाच. मग स्पर्धा तरी कशाला भरवितां? दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

नॅशव्हिलचा प्रसंग या दृष्टीनें पाहावा. नीरिम आणि फ्रेझियर हे २०२१ सालचे राष्ट्रीय विजेते. अलेक्सा नीरिम २०१८ च्या ऑलिंपिकला पतीसह गेली होती. २०२० सालीं पति निवृत्त झाल्यावर तिनें फ्रेझियरसह नव्यानें घडी बसविली. नॅशव्हिलला स्पर्धेच्या ऐन तोंडावर फ्रेझियरला कोविडची बाधा झाल्याचें तपासणींत निघालें, आणि जोडीस माघार घ्यावी लागली. तेव्हां त्यांनीं आपल्या मागील कामगिरीचा विचार व्हावा असा अर्ज समितीकडे केला. इकडे केन-ग्रिबल आणि लेडक यांनीं स्पर्धा जिंकली. त्यांच्याविषयीं कोणाचेंच दुमत नव्हतें. प्रश्न उरला तो दुसऱ्या जागेचा.

दुसऱ्या आलेल्या जोडींत होते जेसिका कलालँग आणि ब्रायन जॉन्सन. त्यांची हकीकत ऐकल्यावर समितीच्या खुर्चींत बसण्याची हौस कोणास राहणार नाहीं. २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेंतही ते दुसरेच आले होते. परंतु त्या स्पर्धेच्या वेळीं घेतलेल्या कलालँगच्या नमुन्यांत एका निषिद्ध उत्तेजक औषधाशीं संबंध असलेला अंश आढळला. चौकशी सुरू झाली, खेळण्यास तात्पुरती बंदी आली, आणि स्टॉकहोमची वाट बंद झाली. पुढें शोधाअंतीं दिसून आलें कीं, अंगास लावावयाच्या प्रसाधनांत टिकाऊपणासाठीं जें एक निरुपद्रवी रसायन घालतात, त्यापासूनही शरीरांत तोच अंश तयार होतो. २०२१ च्या सप्टेंबरांत ती पूर्णपणें निर्दोष ठरली. तोंवर महिने निघून गेले होते. दोष नसतां शिक्षा भोगून ही जोडी परत उभी राहिली आणि राष्ट्रीय स्पर्धेंत पुनः दुसरी आली. तरीही जागा गेली ती न खेळलेल्या जोडीकडे.

आपल्या मुलीच्या बाबतींत असें घडलें असतें, तर कोणत्या आईबापांस तें रुचलें असतें? परंतु समितीपुढील प्रश्न कोणाचें दुःख मोठें हा नव्हता. तिनें करुणेच्या मापानें मोजावयास आरंभ केला असता, तर फ्रेझियरच्या आजारासही वजन द्यावें लागलें असतें. आणि दोन दुर्दैवांची तुलना करणारा तराजू कोणत्याच बाजारांत मिळत नाहीं. नियम सांगत होते कीं, जमेची बाजू पाहा. जागतिक क्रमांक सातवा एकीकडे. दुसरीकडे त्याच जागतिक स्पर्धेंतील कोरें पान. तें पान कोरें राहिलें यांत कलालँगचा अपराध नव्हता. तरी कोऱ्या पानावर क्रमांक लिहिण्याचा अधिकार समितीस नव्हता. निर्णयाची सर्वांत कठोर बाजू हीच आहे.

पुढील घटनांनीं निर्णय खरा ठरविला, असें कोणी म्हणतील. बीजिंगमध्यें नीरिम-फ्रेझियर सहावे आले आणि केन-ग्रिबल-लेडक आठवे. सांघिक स्पर्धेंत नीरिम-फ्रेझियर यांनीं दोन्ही कार्यक्रम सादर केले. त्या संघाचें रौप्यपदक रशियन खेळाडूवरील उत्तेजक-प्रकरणाच्या निकालानंतर सुवर्णपदक झालें, आणि २०२४ सालच्या ऑगस्टमध्यें पॅरिस येथें तें त्यांच्या गळ्यांत पडलें. २०२२ च्या मार्चमध्यें माँपेलिये येथें तर ते जगज्जेते झाले. १९७९ सालीं टाय बॅबिलोनिया व रँडी गार्डनर यांनीं मिळविलेला हा मान त्रेचाळीस वर्षांनीं अमेरिकेस पुनः लाभला. त्याच बर्फावर केन-ग्रिबल पडली, आणि तिच्या जोडीस कार्यक्रम अर्धवट सोडावा लागला. शिवाय बीजिंगमध्यें पहिल्या पांच आलेल्या जोड्या, म्हणजे रशियाच्या तीन व चीनच्या दोन, माँपेलियेस नव्हत्याच. तेव्हां पदकांच्या चकाकीवरून न्यायाची परीक्षा करणें धोक्याचें आहे. निवड योग्य होती कीं नव्हती, हें निवडीच्या दिवशीं हातीं असलेल्या पुराव्यावरूनच ठरवावयास हवें.

याची दुसरी बाजू इतिहासांतच आहे. १९९४ सालीं डेट्रॉइट येथें राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीं नॅन्सी केरिगन हिच्या गुडघ्याजवळ हल्लेखोरानें आघात केला आणि तिला खेळतां आलें नाहीं. समितीनें तिला ऑलिंपिकसाठीं निवडलें, आणि राष्ट्रीय स्पर्धेंत दुसरी आलेली तेरा वर्षांची मिशेल क्वान राखीव झाली. केरिगननें लिलेहामरला रौप्यपदक मिळविलें. बारा वर्षांनीं फांसे उलटे पडले. २००६ सालीं तीच क्वान, आतां पांच वेळां जगज्जेती, दुखापतीमुळें राष्ट्रीय स्पर्धा खेळूं शकली नाहीं. तिनें अर्ज केला, आणि तिसरी आलेली एमिली ह्यूज राखीव झाली. क्वान टुरिनला पोंचली, पण सरावांतच दुखापत उलटली आणि तिनें माघार घेतली. घाईघाईनें गेलेली ह्यूज सातवी आली. एकच रीत एकदां फळली, एकदां फसली. आणि एकाच खेळाडूनें तिची दोन्ही टोकें अनुभविलीं.

मग निवडीचा न्याय कशांत आहे? तो फळांत नाहीं, तसाच केवळ एका संध्याकाळच्या क्रमांकांतही नाहीं. कसोट्या मोसमाच्या आरंभींच जाहीर असाव्यात. त्या सर्वांस सारख्या लागाव्यात. कोणाचें नांव मोठें म्हणून मधेंच नवी कसोटी निघूं नये. आणि ज्यास वगळलें त्यास कारण समजावें, तेंही समोर बसवून, कागदावरील आंकड्यांसह. इतकें झालें तर वगळलेल्याचें दुःख कमी होत नाहीं, पण त्याचा अपमान होत नाहीं. दुःख सोसण्याची ताकद माणसांत असते. अपमान सोसण्याची क्वचितच असते.

घरांत दोन मुलांपैकीं एकासच शिकावयास पाठवितां येत असेल, किंवा कचेरींत एका जागेसाठीं दोन लायक उमेदवार आले असतील, तेथेंही गोष्ट निराळी नसते. निवड म्हटली कीं कोणाचें तरी पान उचललें जाणारच. मात्र उठविलेल्या पाहुण्यास ‘आपली योग्यता कमी होती’ असें न भासवितां ‘पानें दोनच होतीं’ हें खरें कारण सांगणें यजमानाच्या हातीं असतें. नॅशव्हिलला पानें दोनच होतीं. कलालँग आणि जॉन्सन यांची योग्यता त्यामुळें तसूभरही कमी झाली नाहीं.