ताबोतले दोन दिवस

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की आपल्या स्पीतीच्या सहलीचा मी प्रमुख होतो. ते खरं आहे, पण पाच दिवसांपुरतंच. सहाव्या दिवशी सकाळी दहा जण पुढं गेले आणि प्रमुख सपत्नीक मागं फिरले. चंद्रतालाचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. त्यांत मी कुठंच नाही हे काहींच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून दांडिया बाजारात भाजी घेताना सुद्धा कुणीतरी विचारतं, "काका, तुम्हाला तिकडं नेमकं काय झालं होतं?" म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकावं.

गेल्या वर्षी विसर्जन झालं आणि आठव्या दिवशी आम्ही निघालो. पितृपक्षात निघावं की नाही यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली होती, ते आठवत असेल. बारा जण, तीन गाड्या. वडोदऱ्याहून रेल्वेनं चंडीगड आणि तिथून पुढं रस्ता. थेपले, खाखरे, सुकी भेळ, मेतकूट इतकं बरोबर होतं की पहिल्या दिवशी गाडीच्या टपावरची एक बॅग नुसत्या खाण्याची निघाली.

स्पीतीला जायच्या वाटा दोन. एक मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून. ती जवळची, पण एका दिवसात एकदम उंचावर नेऊन टाकते. दुसरी सिमल्याकडून, सतलजच्या काठानं किन्नौरमधून. ती लांबची, चढ हळूहळू येतो, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. आम्ही दुसरी घेतली. हे शहाणपण माझं नव्हे, सहल आखून देणाऱ्या माणसाचं. त्यानं कल्प्याला दोन रात्री आणि ताबोला एक रात्र धरली होती. मी काय केलं, तर कल्प्याची एक आणि ताबोची एक अशा दोन्ही रात्री कापल्या. दोघांच्या रजेची अडचण होती, आणि माणशी खर्चही खाली येत होता. त्या दिवशी कार्यकारिणीनं टाळ्या वाजवल्या होत्या. मीही मनात वाजवल्या.

नारकंड्याचा मुक्काम झाला, कल्प्याचा झाला. कल्पा म्हणजे पूर्वीचं चिनी. समोर किन्नर कैलास, इतका समोर की चहाचा कप हातात तसाच राहतो. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत पहिलं मत या गावात पडलं. बर्फ पडायच्या आत उरकायचं म्हणून इथलं मतदान आधी घेतलं, आणि २५ ऑक्टोबर १९५१ रोजी गावातल्या शाळामास्तरांनी, श्याम सरन नेगींनी, ते केलं. ते २०२२ साली गेले. आमच्यातल्या तीन निवृत्त शिक्षिकांना त्या शाळेत जाऊन यायचं होतं. वेळापत्रकात बसलं नाही. वेळापत्रक माझं होतं.

पुढं खाबला स्पीती नदी सतलजला मिळते आणि डोंगरांवरची हिरवळ संपते. मग नुसती माती, दगड आणि आकाश. नाकोला रात्र काढली. साडेतीन हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी नाको वरच राहतं. तीन हजार मीटर ओलांडल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असं डॉक्टर सांगतात. कल्प्याहून नाको हीच सातशेच्या आसपासची उडी होती. ती पचायला कल्प्याची दुसरी रात्र होती, ती मी वडोदऱ्यातच खाऊन टाकली होती.

चौथ्या दिवशी गुए गावातली ममी पाहिली. सयाजीबागेतल्या आपल्या संग्रहालयातली ममी सगळ्यांनी लहानपणी पाहिलेली, त्यामुळे तुलना सुरू झालीच. इजिप्तची पट्ट्यांत गुंडाळून आडवी केलेली. ही बसलेली, गुडघे छातीशी घेतलेली, कोरड्या थंडीनं टिकलेली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या एका भिक्षूची. दुपारी ताबोच्या मठात चाळीस मिनिटं, मग धनकर, आणि रात्री काझा. पाचव्या दिवशी की, किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक असं सगळं एका दिवसात. हिक्कीमचं टपाल कार्यालय जगात सर्वांत उंचावरचं म्हणून सांगतात. १९८३ पासून चालू आहे. तिथून मी या मंडळाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. ते समोर फलकावर लावलेलं आहे, बघा. अक्षर वाकडं आहे. थंडीमुळं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

थंडीमुळं नव्हतं. डोकं सकाळपासून ठणकत होतं.

आता खरी गोष्ट. चंडीगडला पहिल्या संध्याकाळी मी सगळ्यांना गोल बसवून बजावलं होतं. डोकं दुखलं, मळमळलं, झोप लागेना, चालताना तोल गेला, तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही. लाजायचं नाही. कागद छापून वाटला होता. नाकोला एका वहिनींनी जरासं डोकं दुखतंय म्हटल्यावर मी त्यांना सगळ्यांदेखत शाबासकी दिली होती. आणि हिक्कीमहून परतताना मी स्वतः गाडीच्या काचेला कपाळ टेकवून डोळे मिटून बसलो आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "जरा डुलकी." दुसऱ्या दिवशी चंद्रताल होता. प्रमुखानंच आजारी पडायचं म्हणजे काय? आणि रात्री कापल्याचं कुणी बोललं असतं तर?

रात्री जेवण गेलं नाही. मी डोकेदुखीची गोळी घेतली. वर, झोप नीट लागावी म्हणून घरून आणलेली झोपेची गोळी काढली. इथं बसलेल्या डॉक्टरमंडळींना आत्ताच घाम फुटला असेल. उंचीवर झोपेत श्वास आधीच मंदावतो, त्यात ही गोळी. कागदावर मीच छापलं होतं की झोपेची गोळी घ्यायची नाही.

ती गोळी पोटात गेली नाही, याचं श्रेय नाकोच्या त्याच वहिनींना. पाणी आणायला मी खाली जात होतो, त्या जिना चढत होत्या. जिन्यात माझा तोल दोनदा गेला. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा त्यांनी माझा दंड धरला आणि वरून माझ्या बायकोला हाक मारली. मग आमचा चालक आला. किन्नौरचा तरुण मुलगा, बारीक अंगाचा, पाच दिवसांत फारसं न बोललेला. त्यानं मला अंगणात नेलं, फरशीची एक रेघ दाखवली आणि म्हणाला, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चाला. मी चार पावलं गेलो आणि भिंतीला हात टेकला.

तो म्हणाला, "काका, उद्या तुम्ही वर जाणार नाही."

मी त्याच्यावर चिडलो. मंडळाचे पैसे, ठरलेले तंबू, काय काय बोललो. त्यानं ऐकून घेतलं. "मला एवढंच कळतं," म्हणाला, "पुढचं डॉक्टर सांगतील." आणि गाडी काढली.

काझ्याच्या दवाखान्यात बोटाला चिमटा लावला, आकडा आला ७४. शेजारी बायकोला लावला, तिचा ८९. प्राणवायू लावला, इंजेक्शन दिलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, संध्याकाळपासून. बायको म्हणाली, "खरं सांगा." मग मी सकाळपासून म्हणून सांगितलं. ते म्हणाले, कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिकडं जायचं नाव काढू नका. पहाटे ताबोला उतरा. तिथं उतार पडला तर दोन दिवस थांबा, नाही तर थेट रेकाँग पिओ गाठा.

सकाळी दोन गाड्या पुढं गेल्या, आमची मागं फिरली. चालकानं स्वतः होऊन आमची गाडी घेतली. खरं म्हणजे त्याला पुढच्या तुकडीबरोबर मनालीला उतरायचं होतं. तिथं त्याची बहीण असते. हे मला परतताना कळलं.

तर ताबो. काझ्याहून ४७ किलोमीटर आणि सुमारे चारशे मीटर खाली. दुपारपर्यंत डोकं हलकं झालं. संध्याकाळी डाळभात मागून घेतला. एवढाच फरक पुरला. उतरणं हे औषध केवढं मोठं, ते तेव्हा समजलं.

पहिल्या भेटीत मी लोकांना सांगितलं होतं, "हे हिमालयातलं अजिंठा." पाटीवर वाचलेलं. दुसऱ्या भेटीत आत बसल्यावर लक्षात आलं की तुलना बरोबर आहे, पण अर्धीच. अजिंठा काळ्या पाषाणात खोदलेला. ताबो अख्खा मातीचा. भिंती माती, छप्पर माती, आणि आतले देवही मातीचेच. मठाची स्थापना इसवी सन ९९६ ची आणि १०४२ साली त्याची डागडुजी झाली, हे आतल्या लेखातून कळतं. पाऊस फार थोडा पडतो म्हणून माती टिकली. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात तडे गेले, तरी मुख्य मंदिर उभं राहिलं. आणि दुसरा फरक म्हणजे, अजिंठा रानात विसरला गेला होता. १८१९ मध्ये शिकारीला गेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला तो दिसला. ताबो कधी विसरलाच गेला नाही. हजार वर्षं तिथं दिवा आणि पाठ चालू आहे. १९९६ साली सहस्राब्दी झाली तेव्हा दलाई लामा तिथं आले होते.

आत फोटो काढू देत नाहीत. उजेड छतातल्या झरोक्यातून येतो तेवढाच. चाळीस मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात न सरावतात तोच मी "चला, चला" केलं होतं. आता घाई नव्हती. चालायला धाप लागत होती म्हणून भिंतीशी बसून राहिलो. मध्यभागी चार दिशांना तोंड केलेला वैरोचन, आणि चारही भिंतींवर, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, मातीच्या बत्तीस मूर्ती. भिंतीतून अंग काढून पुढं आल्यासारख्या. त्यांच्याखाली चित्रांची पट्टी. एका बाजूला बुद्धाचं चरित्र, दुसऱ्या बाजूला सुधन नावाच्या मुलाची यात्रा.

ही सुधनाची गोष्ट मला तिथल्या एका वृद्ध भिक्षूंनी सांगितली, हिंदीत, हातातल्या विजेरीचा झोत एकेका चित्रावर टाकत. त्याला ज्ञान हवं होतं. तो एका गुरूकडं गेला. गुरू म्हणाला, मला एवढंच येतं, पुढचं हवं तर अमक्याकडं जा. असे एकामागून एक त्रेपन्न जण. त्यांत भिक्षू आहेत, व्यापारी, खलाशी, अत्तरवाला, राजा, लहान मुलगी, गणिकासुद्धा. प्रत्येक जण स्वतःला येतं तेवढं देतो आणि पुढचा पत्ता सांगतो. मला आपल्या एकनाथी भागवतातल्या अवधूताचे चोवीस गुरू आठवले. फरक इतका की अवधूताचे गुरू पृथ्वी, कबूतर, अजगर, मधमाशी असे, आणि त्यांना आपण गुरू झाल्याचा पत्ताच नसतो. इथं "मला एवढंच येतं" हे प्रत्येकाला तोंडानं म्हणावं लागतं.

चालक दाराशी बसला होता. त्यानं आत पाहिलं नाही. त्यानं ते अनेकदा पाहिलेलं. त्याच्या हातात सफरचंद होतं आणि तो ते चाकूनं कापत होता. ताबोत त्या दिवसांत सफरचंदांची तोडणी चालू असते, रस्त्याच्या कडेला खोकीच खोकी. एक फोड त्यानं मला दिली.

दुसऱ्या दिवशी गावामागच्या कड्यातल्या ध्यानगुंफा खालूनच पाहिल्या. वर चढायला बायकोनं परवानगी दिली नाही, आणि या वेळी मी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी उतरलो. कल्प्याला एक रात्र राहिलो, ती शाळा पाहिली, आणि आमच्या तिन्ही शिक्षिकांना फोटो पाठवले. एकीनं उत्तर दिलं, "आम्हाला न्यायला हवं होतं." बरोबर आहे.

बाकीचे दहा जण चंद्रताल करून, अटल बोगद्याच्या अलीकडं वाट वाकडी करून तांडीला जाऊन आले. तिथं चंद्रा आणि भागा मिळून चंद्रभागा होते, तीच पुढं चिनाब. माझी आई पंढरीची वारकरी. चंद्रभागा या नावाची दुसरी नदी तिकडं वर आहे, एवढ्याच कारणानं तांडी मी यादीत घातलं होतं. चंडीगडला सगळे भेटले तेव्हा जिना चढणाऱ्या त्या वहिनींनी पाण्याची एक बाटली माझ्या हातात दिली. ती देवघरात आहे. आणली तेव्हा गढूळ होती. आता गाळ तळाशी बसलाय.

या सप्टेंबरात दुसरी तुकडी जाते आहे. नावं चिटणिसांकडं द्यायची. कल्प्याला दोन रात्री, ताबोला दोन, काझ्याला तीन. एक दिवसही कापायचा नाही, रजेची अडचण असेल त्यानं पुढच्या वर्षी यावं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, आणि डायमॉक्स घ्यायची तर तीही त्यांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नक्कीच. रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांनी अंगणात रेघेवरून चालायचं, प्रमुखानं सर्वांत आधी. प्रमुख मी नाही. त्या वहिनी आहेत. मी ताबोपर्यंत येणार आहे.