साहेबांना पाठवा

(सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराचं पत्रक तयार होत होतं तेव्हा ताईंनी फोन करून मला विषय विचारला. मी म्हटलं, गाडीचं इंजिन ऑइल घरी कसं बदलायचं. पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाल्या, "अगं, तू एमएसडब्ल्यू झालेली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलशील असं आम्ही धरून चाललो होतो." मी म्हटलं, त्यावरच बोलते असं समजा. कायद्यातला संरक्षणाचा आदेश हातात पडायच्या आधी बाईला त्या घरातून सुखरूप बाहेर काढावं लागतं. ते काम माझ्याकडं बहुतेक वेळा रात्रीचं येतं आणि दुसऱ्याच्या हातच्या एका जुन्या मारुती ८०० मधून होतं.

२०२२ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माण तालुक्यातल्या एका वस्तीवरून एक बाई आणि तिची दोन लेकरं घेऊन मी साताऱ्याला निघाले होते. रात्रीचे दहा वाजून गेलेले. आम्ही निघाल्याचं नवऱ्याला कळलं होतं आणि त्याच्या भावाकडं मोटरसायकल होती. पुसेगाव मागं पडलं आणि स्टिअरिंगसमोर तेलाच्या किटलीचं लाल चित्र पेटलं. मी मनाशी म्हटलं, ऑइल तर दोन महिन्यांपूर्वीच बदललंय, बिल कपाटात आहे. एखादी वायर सैल झाली असेल. गाडी तशीच पुढं घेतली. वर्धनगडच्या घाटात इंजिनातून खडखड यायला लागली तेव्हा कुठं थांबले.

दिवे बंद करून आम्ही बसून राहिलो. धाकटं झोपलेलं. थोरलं मात्र मागून येणाऱ्या प्रत्येक उजेडाला विचारायचं, "बाबा आला का?" शेवटी कांद्याचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढली, पुसून परत घातली, परत ओढली. कोरडी ठणठणीत. त्याच्याकडच्या डब्यातलं दीड-दोन लिटर ऑइल त्यानं ओतलं, पैसे घेतले नाहीत. एवढंच म्हणाला, "बाई, लाल दिवा लागला की गाडी हातभरसुद्धा पुढं न्यायची नाही."

आम्ही साताऱ्याला पोचलो. इंजिनही वाचलं, पण ते नशीब. नंतर दुसऱ्या एका मिस्त्रीनं गाडी उघडली तेव्हा कळलं की बिलात लावलेला नवीन फिल्टर बसवलेलाच नव्हता, जुनाच होता, धुळीनं माखलेला. खालच्या बोल्टचा वॉशर झिजलेला होता आणि तिथून दोन महिने थेंब थेंब ऑइल गळत होतं. ज्या गॅरेजनं बिल दिलं होतं तिथं मी तो जुना फिल्टर घेऊन गेले. मालक हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो."

साहेब नाहीत. मी एकटी राहते. पण असते तरी गाडी माझीच होती ना?

त्या माणसाचा राग दोन दिवसांत गेला. स्वतःचा राग मात्र बरेच दिवस पुरला. मी आठ वर्षं गाडी चालवत होते. बचत गटात बायकांना बँकेचं पासबुक वाचायला शिकवत होते, सातबारावर स्वतःचं नाव कुठं शोधायचं ते दाखवत होते. "न वाचता अंगठा उठवू नका" हे वाक्य मी किती बैठकांत बोलले असेन! आणि स्वतःच्या गाडीची एक पट्टी मला वाचता येत नव्हती. गॅरेजच्या बिलावर मीही अंगठाच उठवत होते.

आपल्या भागात बाईनं पेरायचं, भांगलायचं, कापायचं, मळायचं. पण नांगर धरायचा नाही, असं आपण ऐकत वाढलो. ही बंदी जुनी आहे. किर्लोस्करवाडी आपल्यापैकी सगळ्यांनी निदान रेल्वेतून पाहिली असेल. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना काढला. औंध आज साताऱ्यात आणि वाडी सांगलीत, तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात. तिथं लोखंडी नांगर तयार झाले, पुढं पंप झाले. त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. म्हणजे एकाच आवारात नांगर आणि बाईचं मासिक. माझ्या आजीच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मासिक तिला वाचता येत नव्हतं आणि नांगराला तिनं हात लावायचा नव्हता.

गंमत म्हणजे बाईला यंत्र कळत नाही म्हणणाऱ्या घरातच शिलाई मशीन असतं. त्याला तेल कोण घालतं? सुईची पट्टी उघडून कापसाचा गुंता कोण काढतं? पट्टा सुटला तर कोण चढवतं? त्याला मात्र कुणी यंत्र म्हणत नाही. आणि मोटारीचंच म्हणाल, तर १८८८ साली जर्मनीत मोटारीचा पहिला लांबचा प्रवास केला तो बेर्था बेंझ या बाईनं. दोन मुलं बरोबर घेऊन, नवऱ्याला न सांगता, शंभर किलोमीटर. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ब्रेक झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. त्या वेळी मोटारींची गॅरेजंच नव्हती, त्यामुळं साहेबांना पाठवा म्हणणारंही कुणी नव्हतं.

मला शिकवलं ते तासगावकडच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी. त्या आज इथं बसल्या आहेत, नाव घेऊ नको म्हणाल्यात. द्राक्षबाग आहे, फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरवर चालतो. नवरा वारल्यावर ड्रायव्हर डिझेल चोरतोय हे त्यांच्या लक्षात आलं, कारण ट्रॅक्टरच्या मीटरवर किलोमीटर नसतात, तास असतात, आणि तास त्या रोज लिहून ठेवत होत्या. ड्रायव्हरला काढलं आणि स्वतः चालवायला शिकल्या. मग ऑइलही स्वतःच बदलायला लागल्या. मी माझी घाटातली रडकथा सांगितल्यावर म्हणाल्या, "रविवारी गाडी घेऊन ये. साडी नको, ड्रेस घाल."

आधी त्यांनी मला सांगितलं की ऑइल करतं काय. गाडी रस्त्यावर पळताना इंजिनातला दांडा मिनिटाला तीन हजार वेळा फिरतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. लोखंडावर लोखंड असं फिरलं तर थोड्या वेळात जळून चिकटून जाईल. दोन्हींच्या मध्ये तेलाचा पापुद्रा असतो म्हणून चालतं. खाली चेंबरमध्ये साठलेलं ऑइल एक पंप ओढतो, फिल्टरमधून गाळून वर सगळीकडं पाठवतो, ते परत खाली उतरतं. लाल दिवा त्या पंपाचा दाब बघतो, ऑइल किती शिल्लक आहे ते बघत नाही. त्यामुळं दिवा लागतो तेव्हा पातळी आधीच फार खाली गेलेली असू शकते. पातळी कळते ती फक्त पट्टीवर. महिन्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. हे शिकायला खरोखर दोन मिनिटं लागतात, आणि आजच्या बोलण्यातलं एवढंच लक्षात राहिलं तरी मला पुरे.

"बघा मॅडम, किती काळं झालंय" असं म्हणून घाबरवतात ना? त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काजळी स्वतःमध्ये धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत तर काही दिवसांत होतं. केव्हा बदलायचं ते रंगावरून ठरवायचं नाही, किलोमीटर आणि महिन्यांवरून ठरवायचं. ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं, कोणतं ऑइल आणि किती लिटर तेही. डब्यावर १०डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे हिवाळा; त्याच्या आधीचा आकडा थंडीत ते किती पातळ राहतं त्याचा, नंतरचा गरम इंजिनात किती दाट राहतं त्याचा. माझ्या गाडीला तीन लिटरच्या आत लागतं. त्या गॅरेजच्या बिलात साडेतीन लिटर होतं. मी कधी वाचलंच नव्हतं.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करायचं. कोमट ऑइल पटकन उतरतं आणि हातही भाजत नाही. बांगड्या काढायच्या, ओढणी काढून ठेवायची. धातूची बांगडी बॅटरीच्या टोकांना टेकली तर ठिणगी उडते, म्हणून. गाडी वर घ्यायची तर फळ्यांच्या पक्क्या उतारावर किंवा लोखंडी घोडीवर, मागच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. या बाबतीत ताई फार कडक आहेत, आणि मीही.

चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो. माझ्या गाडीला १७ नंबरचा रिंग पाना लागतो. खाली घमेलं ठेवायचं, वरचं ऑइल भरायचं झाकण उघडायचं, बोल्ट डावीकडं फिरवून सोडवायचा आणि शेवटचे आटे हातानं काढून हात झटकन मागं घ्यायचा. पहिल्या वेळी मी घेतला नाही. कोपरापर्यंत काळी झाले आणि बोल्ट घमेल्यात पडला. ताई हसून हसून खाली बसल्या. सगळं निथळेपर्यंत चहा होतो. बोल्ट परत लावताना वॉशर नवीन घालायचा. दहा-वीस रुपयांची ती चकती, जिच्यामुळं आम्ही घाटात बसलो होतो. बोल्ट घट्ट करायचा, पण जोर दाखवायचा नाही. आटे गेले तर चेंबरच बदलावं लागतं.

मग फिल्टर. तो डब्यासारखा असतो, हातानं फिरतो. हात घसरला तर पॉलिश पेपर गुंडाळून फिरवायचा. जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना ते बघायचं. नव्याच्या रिंगला बोटानं नवीन ऑइल लावायचं, टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग अजून पाऊण फेरा, हातानंच. वरून नरसाळ्यानं ऑइल भरायचं, पण सगळं एकदम नाही. मिनिटभर इंजिन चालवायचं, लाल दिवा विझतोय ना आणि खाली थेंब पडत नाही ना ते बघायचं, बंद करून थोडं थांबायचं आणि पट्टी बघून उरलेलं घालायचं. जास्त झालेलंही इंजिनाला वाईट. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहायचे. नवी गाडी हमीच्या मुदतीत असेल तर मात्र कंपनीच्या सेंटरलाच द्या, पण बिल वाचा.

घमेल्यातलं काळं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतायचं नाही. आपल्याकडं ते लाकडाला वाळवीसाठी फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. पण ते विषारी असतं, कातडीलाही वाईट, म्हणून हातमोजे घाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं म्हणणं आहे की एक गॅलन वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं. माणमध्ये ज्यांनी टँकरची वाट बघितली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत हे ऑइल येतं. जुन्या डब्यात भरून, बूच लावून, मोठ्या गॅरेजला द्यायचं. तिथून ते शुद्ध करून परत वापरण्यासाठी जातं. सगळ्याच गॅरेजांतून तसं जातं असा माझा दावा नाही. विचारून द्या.

मागच्या बैठकीत एका मैत्रिणीनं मला अडवलं होतं: "घर, शेत, नोकरी आहेच, आता ऑइलही बाईनंच बदलायचं का?" प्रश्न बरोबर आहे. मी स्वतः दरवेळी बदलत नाही. दगदगीचे दिवस असले की गॅरेजला देते. फरक एवढाच की आता मी तिथं उभी राहते, डबा माझ्यासमोर फोडायला सांगते आणि जुना फिल्टर परत मागते. साहेबांचं नाव कुणी काढत नाही.

दुसरी म्हणाली, आमच्याकडं कुठं कार आहे? खरंय. म्हणून आज सकाळी मी हात वर करायला सांगितले होते. स्कूटर कितीजणी चालवता? अर्ध्याहून जास्त हात. हप्ता कोण भरतं? हात जवळपास तेवढेच. आरसी बुकावर नाव कुणाचं? तेव्हा वर राहिलेले हात आपण सगळ्यांनी मोजले, सात. घर सोडायची वेळ आली की स्कूटर मागं राहते आणि बाई एसटीच्या थांब्यावर उभी असते. अशा किती जणींना मी तिथून उचललंय. नाव लावायचे अर्ज मी आणले आहेत, ते दुपारी भरू. स्कूटरलाही ऑइलची पट्टी असते, झाकणालाच जोडलेली. ती आधी बघू.

माझी गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. साताऱ्याहून आले तेव्हापासून थोडी निवली असेल, म्हणजे बरोबर कोमट. ऑइल, फिल्टर, वॉशर आणले आहेत. घमेलं स्वयंपाकघरातून मागितलंय, धुऊन परत देईन असं सांगून. पाने ताईंच्या पिशवीत आहेत. बांगड्या रुमालात बांधा आणि चला.