खेळाडूंची देवघेव



हिवाळा संपत आला म्हणजे अमेरिकेंतील वृत्तपत्रांत एक विलक्षण बातमी वारंवार वाचावयास मिळते. अमुक शहराच्या बास्केटबॉल संघानें आपला एक खेळाडू तमुक शहराच्या संघास दिला, आणि मोबदल्यांत दोन खेळाडू, थोडी रोकड व चार वर्षांनंतरच्या निवडींतील आपल्या पाळीचा हक्क त्याच्याकडून घेतला. या शेवटल्या बाबीकडे जरा लक्ष द्यावें. ज्या मुलावर हा हक्क पुढें बजावला जाणार, तो त्या दिवशीं कदाचित् कोठल्याशा शाळेंत भूमितीचे सिद्धान्त घोकीत असेल. या सौद्याची त्याला गंधवार्ताही नसते. उभें पीक विकण्याची रीति आपल्याकडे शेतकऱ्यांना परिचित आहे. येथें पेरणीपूर्वींच पीक विकलें जातें.

हा व्यवहार चालतो नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन या मंडळांत. जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें फळांच्या दोन करंड्या कठड्याला टांगून हा खेळ सुरू केला, तो विद्यार्थ्यांना हिवाळ्यांत घरांतल्या घरांत व्यायाम मिळावा म्हणून. परंतु १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें वरील मंडळ स्थापन करणारे बहुतेक गृहस्थ शिक्षक नव्हते. ते मोठमोठ्या क्रीडागृहांचे मालक होते. बर्फावरील हॉकीचे सामने ज्या रात्रीं नसतील त्या रात्रीं गृह रिकामें राहूं नये, ही त्यांची विवंचना. मंडळाला त्याचें हल्लींचें नांव १९४९ सालीं, एका प्रतिस्पर्धी मंडळाशीं एकीकरण झाल्यावर, मिळालें. खेळाचा उगम शाळेंत आणि मंडळाचा उगम भाड्याच्या हिशोबांत. पुढील हकीकत समजण्यास एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

मालकांनीं आपसांत तीन गोष्टी ठरविल्या होत्या. नव्यानें व्यवसायांत येणाऱ्या तरुणांची संघांनीं पाळीपाळीनें निवड करावयाची. गेल्या वर्षीं जो संघ तळाशीं राहिला त्याची पाळी आधीं. २०१५ सालीं पंजाबांतील बल्लोके गांवचा सतनामसिंग याच पद्धतीनें ५२ व्या क्रमांकावर डॅलस संघाच्या वांट्यास आला. हिंदुस्थानांत जन्मलेला असा तो पहिलाच तरुण. दुसरी गोष्ट अशी कीं, खेळाडूच्या कराराची मुदत सरली तरी त्याच्यावरील हक्क सरत नसे. नवा करार त्यानें केला नाहीं, तर जुनाच करार पुढें चालविण्याची मुभा मालकाला असे, आणि दुसरे मालक अशा माणसास बोलावीत नसत. तिसरी गोष्ट, हा करार मालकाला दुसऱ्या मालकाच्या स्वाधीन करतां येई; खेळाडूची संमति त्याला लागत नसे. तिन्ही कलमें एकत्र वाचलीं म्हणजे बेडी कशी पुरी होते हें निराळें सांगावयास नको. तरुणानें कोठें जावें हें दुसऱ्यानें ठरवावें, तेथून त्याला निघतां येऊं नये, आणि धाडावेंसें वाटलें तर मात्र त्याला तत्काळ निघावें लागावें!

मालकांच्या बाजूनें एक म्हणणें होतें, आणि तें अगदींच पोकळ होतें असें मला वाटत नाहीं. प्रत्येकाला वाटेल तेथें जाऊं दिलें, तर धनाढ्य शहरें सारे उत्तम खेळाडू गोळा करतील, लहान शहरांचे संघ केवळ हरण्यापुरते उरतील, आणि निकाल आधींच ठाऊक असलेला सामना पाहावयास तिकीट काढून कोण येईल? कापडाच्या गिरणीला शेजारची गिरणी बुडाली तर आनंदच होतो. खेळांत प्रतिपक्ष बुडाला तर आपला धंदाही बुडतो. हें या व्यवसायाचें वैचित्र्य खरें आहे.

शिवाय देवघेव सदैव जुलमाचीच असते असेंही नाहीं. १९५६ सालची गोष्ट पाहा. सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाला लागोपाठ दोन वर्षें अजिंक्यपद मिळवून देणारा बिल रसेल हा कृष्णवर्णीय तरुण त्या वर्षीं निवडीस उभा होता. चेंडू टोपलींत टाकण्यापेक्षां प्रतिपक्षाचा चेंडू टोपलीपर्यंत पोंचूं न देण्यांत त्याची खरी करामत होती. पहिली पाळी रॉचेस्टर संघाची. त्यानें सिहुगो ग्रीन याला पसंत केलें. दुसरी पाळी सेंट लुईसची. रसेलवर डोळा होता बॉस्टनच्या रेड ऑरबाख या गुरूंचा, पण त्यांची पाळी फार मागें. त्यांनीं सेंट लुईसचे मालक बेन कर्नर यांना एड मॅकॉली हा आपला नांवाजलेला खेळाडू देऊं केला. कर्नर यांनीं आणखी एक मागितला: क्लिफ हेगन. या हेगनवर हक्क बॉस्टनचा असला, तरी सैन्यांतील नोकरीमुळें तो बॉस्टनकडून एकही सामना खेळलेला नव्हता. बॉस्टनचे मालक वॉल्टर ब्राउन यांच्या मनांत मॅकॉलीला सोडावयाचें नव्हतें. परंतु मॅकॉली मूळचा सेंट लुईसचा, आणि त्याचा लहान मुलगा तेव्हां गंभीर आजारी होता. मला माझ्या गांवीं जाऊं द्या, असें त्यानेंच मालकांना विनविलें, आणि सौदा झाला.

पुढें रसेल तेरा हंगाम खेळला व त्यांपैकीं अकरा हंगामांत बॉस्टननें अजिंक्यपद मिळविलें. त्यामुळें सेंट लुईसनें हिरा देऊन गारगोट्या घेतल्या असें लोक म्हणतात. हें मात्र अन्यायाचें आहे. १९५८ सालीं याच मॅकॉली व हेगन यांसह सेंट लुईसनें बॉस्टनला हरवून अजिंक्यपद जिंकलें. त्या अंतिम मालिकेंत रसेलचा घोटा दुखावला होता हें खरें. पण पुढील सामन्यांत कोणाचा घोटा दुखावणार हें सौद्याच्या कागदावर कोणालाच लिहितां येत नाहीं. आणि एका बापाला आपल्या आजारी मुलापाशीं राहतां आलें, हा लाभ तर कोणत्याच कोष्टकांत सांपडत नाहीं.

पण मॅकॉलीला हवें होतें तेंच घडलें हा योगायोग. ज्याला नको असेल त्यानें काय करावें? या प्रश्नाला ज्यानें कोर्टाच्या पायरीपर्यंत नेलें, त्याचें नांव ऑस्कर रॉबर्टसन.

रॉबर्टसन इंडियानापोलिस येथील गरीब वस्तींत वाढला. क्रिस्पस ॲटक्स या केवळ कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या शाळेच्या संघानें १९५५ व १९५६ सालीं इंडियाना राज्याचें अजिंक्यपद पटकाविलें, त्या संघाचा तो आधारस्तंभ. १९६० सालीं तो सिनसिनाटी संघांत आला. १९६१–६२ च्या हंगामांत त्यानें दर सामन्यास सरासरीनें ३०.८ गुण केले, १२.५ वेळां टोपलीवरून उसळलेला चेंडू हस्तगत केला आणि ११.४ वेळां सोबत्याला गुण करून दिले. तिन्ही अंगांत सरासरी दहांच्या वर ठेवण्याचा असा विक्रम पुढें पंचावन्न वर्षें कोणासही साधला नाहीं.

या मंडळांतील खेळाडूंचा संघ, म्हणजे कामगार-संघ या अर्थानें, बॉब कूझी यानें १९५४ सालीं उभारला होता. त्याच्याशीं बोलण्यासही मालक बरींच वर्षें तयार नव्हते. १९६४ च्या जानेवारींत बॉस्टन येथें निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना व्हावयाचा होता. रात्रीं तो देशभर दूरचित्रवाणीवर दिसणार होता. वेळ भरत आली तरी कपडे बदलण्याच्या खोलींतून एकही खेळाडू बाहेर येईना. निवृत्तिवेतनाची हमी मिळाल्यावांचून आम्ही मैदानांत पाऊल टाकणार नाहीं, असा त्यांचा निरोप होता. मालकांनीं धमक्या देऊन पाहिल्या. शेवटीं मंडळाचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांना शब्द द्यावा लागला. मग सामना झाला, आणि त्यांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला तो रॉबर्टसनला! पुढील वर्षीं तो संघाचा अध्यक्ष झाला.

१९६७ सालीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन हें दुसरें मंडळ निघालें. गिऱ्हाइकें दोन झालीं कीं मालाचा भाव चढतो; खेळाडूंचे पगार भराभर वाढले. तेव्हां दोन्ही मंडळांच्या मालकांनीं एकत्र होण्याचा घाट घातला. १९७० च्या एप्रिलांत रॉबर्टसन व त्याचे सहकारी यांनीं न्यूयॉर्कच्या संघराज्य-न्यायालयांत दावा लावला: हें एकीकरण, ही निवड, मुदतीनंतरही न सुटणारा हा करार, हीं सारीं व्यापारांतील मक्तेदारी रोखणाऱ्या कायद्याविरुद्ध आहेत.

त्याच महिन्यांत सिनसिनाटीनें रॉबर्टसनला मिलवॉकी संघास देऊन टाकलें. मोबदला म्हणून आले दोन साधारण खेळाडू. त्यापूर्वीं त्याला बाल्टिमोरकडे धाडण्याचा बेत झाला होता. परंतु आपल्या करारांत त्यानें नकाराचें कलम घालून घेतलें होतें, म्हणून तो बेत फसला. हा सर्व काळ सिनसिनाटी संघाचे गुरु कोण होते? खेळाडूंचा संघ स्थापन करणारे तेच बॉब कूझी! माणूस बाकाच्या कोणत्या टोकाला बसतो यावर त्याला काय दिसतें हें पुष्कळसें अवलंबून असतें. पुढच्याच वर्षीं, १९७१ सालीं, मिलवॉकीनें अजिंक्यपद जिंकलें. अंतिम मालिकेंत चारही सामन्यांत धूळ चारली ती बाल्टिमोरला.

खटला सहा वर्षें रेंगाळला. तो ज्यांच्यापुढें चालला ते न्यायमूर्ति रॉबर्ट कार्टर पूर्वीं वकील असतांना शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या, १९५४ सालीं निकालांत निघालेल्या, सुप्रसिद्ध खटल्यांत लढले होते. मालकांचा बचाव त्यांना पटण्याची चिन्हें दिसेनात, आणि १९७६ सालीं तडजोड झाली. मंडळांचें एकीकरण व्हावें, पण मुदत संपलेल्या करारानें माणसाला बांधून ठेवण्याची रीति बंद व्हावी, असें ठरलें. बंधनें एकदम तुटलीं नाहींत. प्रथम नव्या मालकानें जुन्यास भरपाई द्यावयाची, नंतर जुन्या मालकाला तितकाच पगार देऊन माणूस राखण्याचा हक्क, असें करीत करीत १९८८ सालीं टॉम चेंबर्स हा सिएटल सोडून फिनिक्सला गेला, तो कोणाचीही परवानगी न विचारतां. रॉबर्टसन त्यापूर्वींच, १९७४ सालीं, निवृत्त झाला होता. या खटल्यापायीं बास्केटबॉलच्या धंद्यांतील पुढचीं दारें आपल्याला बंद झालीं, असें त्यानें अनेकदां बोलून दाखविलें आहे.

आतां मालकांनीं दुसरा उपाय काढला. १९८४–८५ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारांस मर्यादा घालण्यांत आली: त्या वर्षीं ३६ लक्ष डॉलर, आणि २०२४–२५ सालीं १४ कोटि ५ लक्ष डॉलरांहून अधिक. या मर्यादेला पळवाटा इतक्या आहेत कीं त्या जाणणारे वकील प्रत्येक संघाला पदरीं ठेवावे लागतात. आपण एकच पाहूं. मर्यादेपलीकडे गेलेल्या संघानें देवघेव केल्यास, दिलेल्या व घेतलेल्या पगारांचा मेळ बसावा लागतो. २००८ सालीं डॅलसला न्यू जर्सीकडून जेसन किड हवा होता. ठरलेल्या सौद्यांत डेव्हियन जॉर्ज नांवाचा एक सामान्य खेळाडू होता. त्याच्या एक वर्षाच्या करारामुळें नियमानें त्याला नकाराचा हक्क मिळाला होता. त्यानें मी जात नाहीं असें सांगितलें, आणि कोट्यवधींचा सौदा अडला. मग डॅलसनें कीथ व्हॅन हॉर्न याला गांठलें. हा गृहस्थ २००६ पासून खेळलाच नव्हता. परंतु त्याच्यावरील हक्क डॅलसच्या दप्तरीं शिल्लक होता. त्याच्याशीं ४० लक्ष डॉलरांहून अधिक रकमेचा करार करून त्याला सौद्यांत घातलें, आणि त्रैराशिक सुटलें. तो न्यू जर्सीस हजर झाला, पण त्यानंतर एकही सामना खेळला नाहीं. शून्याला किंमत असते हें गणितांत आपण शिकतों. येथें ती रोख मोजून मिळाली.

मालकांनाही स्वतःपासून वांचवावें लागतें. १९८० ते १९८३ या काळांत क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनीं भावी निवडींचे हक्क इतके सढळ हातानें वांटले कीं, लागोपाठ दोन वर्षांच्या पहिल्या फेरीचे हक्क कोणत्याही संघानें देऊं नयेत असा नियमच मंडळाला करावा लागला. तो अद्याप त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

रॉबर्टसननें जें मिळविलें तें करार संपल्यावरचें स्वातंत्र्य. करार चालू असतांना मात्र मालकाचा अधिकार आजही जवळजवळ तसाच आहे. संमतीवांचून कोठें धाडूं नये, असें कलम ज्याला घालून घ्यावयाचें असेल, त्याचीं व्यवसायांत आठ वर्षें व त्याच संघांत चार वर्षें झालेलीं असावीं लागतात. लुका डॉन्चिच या स्लोव्हेनियन तरुणाला डॅलसमध्यें तेव्हां सातवाच हंगाम चालू होता. २०२४ सालीं त्यानें संघाला अंतिम मालिकेपर्यंत नेलें होतें. २०२५ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं, मध्यरात्रीच्या सुमारास, त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकल्याची बातमी फुटली. मोबदल्यांत अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी आणि २०२९ सालचा पहिल्या फेरीचा एक हक्क. त्याला कोणीं विचारलें नव्हतें, विचारण्याचें कारणही नियमांत नव्हतें. शिवाय आपल्या मूळ संघांत राहणाऱ्यालाच मिळूं शकणारा सर्वांत मोठा करार त्या रात्रीं त्याच्या हातचा गेला. डॅलसचे लोक क्रीडागृहाबाहेर शवपेटी घेऊन जमले. हा सौदा करणारे व्यवस्थापक निको हॅरिसन यांना त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत संघानें दूर केलें.

९ एप्रिल २०२५ रोजीं लॉस एंजेलिसचा संघ डॅलसला खेळावयास आला. सामन्यापूर्वीं डॉन्चिचच्या तेथील कारकिर्दीचीं चित्रें पडद्यावर दाखविलीं, तेव्हां तो बाकावर बसून डोळे पुशीत होता. नंतर तो उठला, आणि डॅलसवर त्यानें ४५ गुण केले.