फुटलेली काच आणि सांधणारे हात

(मंडळाच्या राजूर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला ‘दोन शब्द’ बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणाचे महत्त्व किंवा विवाहातील खर्च यांपैकी एखाद्या विषयावर बोलेन, अशी त्यांची कल्पना असावी. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. मी आज रंगीत काचांच्या जुन्या खिडक्यांविषयी, आणि त्या खिडक्या मोडल्यावर पुन्हा कशा सांधतात याविषयी बोलणार आहे. आपल्या कासार समाजाशी या विषयाचा संबंध काय, असा प्रश्न कित्येकांच्या मनात आला असेल. तो संबंध दाखविणे हेच माझ्या आजच्या बोलण्याचे प्रयोजन होय.

आपल्या पूर्वजांचे व्यवसाय दोन. एक तांब्यापितळेच्या भांड्यांचा आणि दुसरा बांगड्यांचा. माझे वडील बांगड्यांच्या माळा घेऊन शेंडी, भंडारदरा, रतनवाडी या बाजूच्या वाड्यापाड्यांवर पायी हिंडत असत. लेकीबाळींच्या हातांत बांगड्या भरताना एखादी फुटली, तर ‘फुटली’ हा शब्द ते कधीही उच्चारीत नसत. ‘वाढली’ असे म्हणत. तीच रीत आपणा सर्वांच्या घरी आहे. काच ही ठिसूळ वस्तू खरी. परंतु तिच्या फुटण्यालाही अशुभ शब्द लावू नये, इतका मान आपल्या वाडवडिलांनी तिला दिला होता. माझे चुलते भांड्यांचे काम करीत. गळक्या घागरीला नवसागर लावून, डाक देऊन ते तिचे भोक असे बुजवीत की, घागर पुन्हा वीस वर्षे पाणी भरी. एका घरात काच होती आणि दुसऱ्या घरात धातू सांधण्याची विद्या होती. या दोन गोष्टी एकाच वस्तूत एकत्र नांदू शकतात, हे मात्र मला साठी ओलांडल्यावर मुंबईत कळले.

पुतण्याच्या मुलीस पदवी मिळाली, त्या निमित्ताने मी मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील आवारात गेलो होतो. तेथील दीक्षान्त सभागृह आणि त्याच्या शेजारचे राजाबाई टॉवरसह ग्रंथालय या दोन्ही इमारतींचा आराखडा इंग्लंडातील वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तेथे बसून केला. ते गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. सभागृह १८७४ साली पुरे झाले. त्यासाठी सर कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले. टॉवर १८७८ साली पुरा झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. त्याची उंची २८० फूट आहे.

मी प्रथम बाहेरून पाहिले. सभागृहाच्या भिंतीत एक प्रचंड चक्राकार खिडकी आहे. बाहेरून ती काळीकुट्ट, धुळकट, जणू बंद केलेली भासली. मी मनात म्हणालो, हिचेच का इतके कौतुक करतात? मग आत गेलो. उन्हे नेमकी त्या काचांवर आली होती. चक्राच्या आऱ्यांमधून बारा राशी तांबड्या, निळ्या, पिवळ्या तेजाने उजळल्या होत्या. मी किती वेळ उभा होतो, हे मला सांगता येणार नाही. अशा खिडकीची परीक्षा आत जाऊन, उजेडाकडे तोंड करूनच करावी लागते.

आता ही खिडकी बनते कशी ते पाहू. तिच्यातील रंग वरून फासलेला नसतो. काच भट्टीत वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मे मिसळतात. कोबाल्टने गडद निळी, लोखंडाने हिरवी, मँगनीजने जांभळी आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने गुलाबी तांबडी काच होते. आपल्या बांगड्यांचे रंगही याच रीतीने येतात. नंतर त्या काचेचे आकृतीप्रमाणे तुकडे कापतात. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या या काचेची पूड व लोहभस्म यांच्या काळसर रंगाने रेखून तुकडा पुन्हा भट्टीत घालतात. सुमारे सहाशे अंश उष्णतेला ती रेघ काचेच्या अंगात जिरते. चांदीच्या क्षाराचा लेप देऊन भाजल्यास पांढऱ्या काचेवर सोनेरी पिवळा रंग उमटतो. ही युक्ती युरोपात सुमारे १३०० सालापासून वापरात आहे.

सर्व तुकडे तयार झाले की, दोन्ही बाजूंना खाच असलेल्या शिशाच्या मऊ पट्ट्यांत ते बसवितात आणि जेथे पट्टी पट्टीला मिळते तेथे कथील व शिसे यांची डाक देतात. शेवटी खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची लांबी पट्टीखाली दाबून भरतात, म्हणजे पाऊस आत येत नाही. पाहा, काच आली, डाकही आली! माझे वडील आणि माझे चुलते यांची विद्या त्या एका खिडकीत शेजारी शेजारी बसली होती.

ही खिडकी बिघडते कशी? काच क्वचितच आपण होऊन मरते. तिला धरणारे आधी थकतात. शंभर-सव्वाशे वर्षांत उन्हाने प्रसरण आणि गारव्याने आकुंचन पावून शिसे शिणते, त्याला चिरा पडतात. लांबी वाळून गळते. मग आपल्याच भाराने तावदान पोटासारखे पुढे येते. आधाराच्या लोखंडी सळया समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजतात. गंज फुगतो आणि दगडालाही तडा देतो, तेथे काचेची काय कथा! आणि यांहूनही मोठा शत्रू म्हणजे अडाणी दुरुस्ती. हरवलेल्या तुकड्याच्या जागी रंगीत प्लास्टिक चिकटविणे, चिरेवर जाड लुकण थापणे, तेजाबाने किंवा खरखरीत घासणीने काच पुसणे. या शेवटच्या उपायाने तर रेखलेला चेहरा धुळीबरोबरच निघून जातो.

खऱ्या कारागिराची रीत निराळी असते. तो आधी हात लावीत नाही, पाहतो. प्रत्येक तावदानाचे छायाचित्र घेतो, त्याला क्रमांक देतो. वर कागद ठेवून, मेण किंवा शिसपेन्सील घासून शिशाच्या जाळीचा ठसा उतरवितो, म्हणजे कोणता तुकडा कोठला याची चूक होत नाही. मग तावदान उतरवून, मेजावर निजवून, थकलेले शिसे हळूहळू सोडवितो. काच शुद्ध पाण्याने आणि कापसाच्या बोळ्याने साफ करतो. रंग सुटत असेल तर तेथे थांबतो. तडा गेलेला तुकडा टाकून देत नाही. काचेसारख्याच पारदर्शक राळेने त्याच्या कडा जोडतो. जो तुकडा कायमचा हरवला असेल तेवढाच नवा करतो आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढीची फसवणूक होऊ नये. त्यानंतर नवे शिसे, नवी डाक, नवी लांबी. शिशाची धूळ विषारी असल्यामुळे हे काम हातमोजे घालून व हात स्वच्छ धुऊन करावे लागते. ‘कमीत कमी बदल, आणि केलेला बदल पुन्हा काढता यावा असा,’ हा या विद्येचा मूलमंत्र होय.

राजाबाई टॉवर व ग्रंथालय यांचा जीर्णोद्धार वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली होऊन २०१५ साली पुरा झाला. विद्यापीठाच्या या काचांच्या कामात मुंबईच्या काचशिल्पी स्वाती चांदगडकर यांनी आपले कसब लावले. परदेशात या कामाला किती धीर लागतो, याचेही एक उदाहरण सांगतो. इंग्लंडातील यॉर्क येथील मोठ्या चर्चची पूर्वेकडील महाखिडकी जॉन थॉर्नटन याने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत घडविली. तिची ३११ तावदाने सांधून पुन्हा बसविण्याचे काम मात्र आपल्या काळात सुमारे दहा वर्षे चालून २०१८ साली संपले. करण्यास तीन वर्षे आणि राखण्यास दहा! फ्रान्सात शार्त्र येथील लोकांनी तर १९३९ साली युद्धाचे ढग दिसताच आपल्या चर्चच्या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या आणि युद्ध संपल्यावर परत बसविल्या.

आता जी गोष्ट सांगण्यास मला संकोच वाटतो, तीच सांगतो. राजुरातील आमच्या जुन्या घराच्या माजघरात, दारावर अर्धवर्तुळाकृती झरोका होता. त्यात सात रंगीत तावदाने होती. सकाळी त्यांतून तांबडा, निळा, हिरवा कवडसा ओट्यावर पडे. १९९४ साली मी घराचे छप्पर बदलले. पावसाळ्यातील वाऱ्याने दोन तावदाने तडकली होती, लाकूडही थोडे कुजले होते. सुतार म्हणाला, “गुरुजी, नीट करून देतो, चार दिवस लागतील.” मी म्हणालो, “त्यात काय ठेवले आहे? काढून टाक.” झरोका भंगारवाल्याने नेला आणि तेथे मी सिमेंटची जाळी बसविली. मी शिकलेला होतो, मुलांना ‘जुने जपा’ असे फळ्यावर लिहून देत होतो! वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते ओट्यावर, कवडसा पडत असे त्याच जागी, बराच वेळ बसून होते.

ते गेल्यानंतर त्यांची बांगड्यांची पेटी मी उघडली. माळांच्या खाली, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेले एक निळे तावदान निघाले. कोपऱ्यात तडा गेलेले. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून त्यांनी ते केव्हा उचलून घेतले, हे मला कळले नव्हते. ते तावदान आज माझ्या खिडकीत आहे. त्याचा तडा मी सांधून घेतला आहे. नीट पाहिले तर दिसतो, आणि तो दिसावा असेच मला वाटते.

बंधुभगिनींनो, आपल्या अनेक घरांत अजून अशी तावदाने आहेत. माझी आपणास तीन विनवण्या आहेत. पहिली : घर पाडण्यापूर्वी किंवा दुरुस्त करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्या, तुकडे क्रमांक घालून मऊ कापडात ठेवा. दुसरी : ज्या काचेवर रेखाटन असेल ती स्वतः धुऊ नका, साध्या रंगीत काचेला ओले मऊ फडके पुरे आहे. तिसरी विनवणी मंडळास आहे. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो करावाच. परंतु त्याच व्यासपीठावर, सांधण्याची कोणतीही विद्या शिकणाऱ्या एका तरुणास किंवा तरुणीस मदत द्यावी. ती काचेची असो, धातूची असो वा लाकडाची. आरंभासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम मी चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहे.

फुटलेली काच सांधत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. ते खरे नाही. काच सांधते, सांधणारे हात मात्र शिल्लक राहिले पाहिजेत. एके काळी ते हात आपल्या घरात होते.