भूगोलाचा राहिलेला पेपर



२०२० साली दहावीला बसलेल्या मुलांचा एक पेपर कायमचा राहून गेला. २३ मार्चचा भूगोल. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला, मग रद्द झाला. मोठ्यांना वाटलं, सुटली पोरं!

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा त्यांतलाच एक. आमचं मासवण सूर्या नदीच्या काठी. त्याचे अब्बा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. कारखाना बंद, पगार बंद, घरात मोबाईल एकच. पोरगा दिवसा झोपायचा, रात्री छताकडे बघत पडायचा. जेवणावरचं मन उडालं. बहीण म्हणे, आळशी झालाय. मी पडलो कवी, शब्दांना तोटा नाही. 'आमच्या वेळी' पासून सुरुवात करून त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं. त्यानंतर तो माझ्याशीही बोलेनासा झाला.

२५ मेला ईद आली. नमाज घरातच. त्यानं शीरखुर्म्याची वाटी तशीच ठेवली, तेव्हा मी घाबरलो. उपदेश गिळला आणि एवढंच विचारलं, "झोप लागते का रे?"

बऱ्याच वेळानं म्हणाला, "मामू, मला भूगोलच तर येत होता."

"मग मला शिकव."

त्यानं वहीत सूर्या काढली. धामणीचं धरण, कवडास, मासवणचं पंपघर, तिथून वसई-विरारला जाणारं पाणी. त्या पंपघरावरून मी वर्षानुवर्षं जातोय, कधी विचार केला नव्हता. नदीवरून गोष्ट अब्बांच्या पगारावर आली, मग त्यांना आजार झाला तर काय, यावर. हे सगळं तो एकटाच उराशी घेऊन बसला होता.

बोलण्यानं सगळं सुटलं म्हणालो तर ती थाप होईल. झोप काही परतली नाही. पुढं डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, तर बहीण म्हणाली, "लोक काय म्हणतील?" डॉक्टरांनी गोळ्यांचं नाव काढण्याआधी त्याचं नीट ऐकून घेतलं. झोप, भूक, मित्र हे दोन आठवड्यांहून अधिक काळ तुटले असतील, तर वाट पाहू नये. आणि 'जगावंसं वाटत नाही' असं मूल म्हणालं, तर नाटक समजू नका. त्याला सरळ विचारा, एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही भीती खोटी आहे. तेव्हा नव्हती, पण ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांत 'बोलकी शाळा' भरली होती. ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले जायचे, मुलं अंतर राखून उघड्यावर बसायची. धड्यांइतकंच त्या एकत्र बसण्याचं मोल मला वाटतं.

निकाल २९ जुलैला लागला. भूगोलाला इतर विषयांची सरासरी धरून गुण. पोरगा म्हणाला, "मामू, हे गुण माझे नव्हेत."

मला उत्तर सुचलं नाही. पाऊस थांबला होता, आम्ही दोघं नदीवर गेलो.